सागाचा ओंडका आणि घर्षणाचा हिशेब

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात साग तोडण्यापेक्षा तो बाहेर काढणे नेहमीच जड गेले. आलापल्लीचा सागवान नावाजलेला, पण तुटून पडलेला ओंडका रस्त्यापर्यंत न्यायचा तर मधली सारी जमीन त्याला धरून ठेवते. हे धरून ठेवणे म्हणजेच घर्षण. येथील लाकूड वाहतुकीचा इतिहास हा घर्षण कमी करत जाण्याचा इतिहास आहे. ओंडक्याचे वजन कोणालाच कमी करता आले नाही.

एक घनमीटर सागवान सुमारे ७०० किलो भरतो. त्याचे वजन ६,८६० न्यूटन. जंगलातल्या जमिनीवर घर्षणांक ०.५ धरला, तर सपाटीवर तो एकसारख्या वेगाने ओढायला ३,४३० न्यूटन बल लागते. बल गुणिले त्याच्या दिशेतले विस्थापन म्हणजे कार्य. या अर्थाने हा शब्द फ्रेंच अभियंता कोरिओलिसने १८२९ मध्ये रूढ केला. १०० मीटरला हे कार्य ३,४३,००० ज्यूल होते. घर्षण तेवढेच ऋण कार्य करते. त्याची खूण ओंडक्यावर आणि जमिनीवर दिसते: खालची साल सोलवटते, माती उकरली जाते आणि घासलेली बाजू तापते. गुरुत्वबल मात्र विस्थापनाला काटकोनात असल्याने त्याचे कार्य शून्य.

उतारावर चित्र पालटते. ०.५ घर्षणांकाला साधारण २७ अंशांच्या उतारावर गुरुत्वबलाचे कार्य घर्षणाच्या कार्याची पुरती भरपाई करते. एकदा हललेला ओंडका मग आपणच घसरत राहतो. त्याहून जास्त उतारावर ओढण्यापेक्षा अडवण्याचीच चिंता.

सपाटीवर ओंडका हत्तीने ओढण्यात ताकदीखेरीज आणखी एक फायदा आहे, आणि तो ताकदीइतकाच महत्त्वाचा. हत्तीच्या अंगावरून साखळी तिरकी खाली येते, त्यामुळे ती ओंडक्याला थोडे वरही उचलते. जमिनीवरचा दाब घटतो, त्याबरोबर घर्षणही. साखळी जमिनीशी ३० अंशांत असेल, तर ३,०७३ न्यूटन ताण पुरतो. पुढे नेणारा भाग २,६६१ न्यूटन. १०० मीटरला सुमारे २,६६,००० ज्यूल. जवळजवळ ७७,००० ज्यूल नुसत्या तिरकेपणाने वाचले.

बैलबंडीने घासण्याच्या जागी गडगडणे आणले. बंडीसह १,००० किलो भार आणि ०.०५ रोधांक धरला, तर बल ४९० न्यूटन, कार्य ४९,००० ज्यूल: फरफटीच्या कार्याचा सातवा हिस्सा. चाकाच्या आसाला वंगण नसले की हा आकडा चढतो.

एकोणिसाव्या शतकात, गडचिरोली चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातच असताना (तो १९८२ मध्ये वेगळा झाला), सागवान प्राणहितेतून गोदावरीत तरंगवत किनाऱ्याकडे नेले जाई. पाण्याचा रोध पाण्याच्या तुलनेतल्या वेगाबरोबर वाढतो. प्रवाहाच्याच वेगाने चाललेल्या ओंडक्याला तो जवळपास नसतोच. ओढण्याचे कार्य नदी करते.

१९२९ मध्ये बल्लारशाह-काझीपेट रेल्वेमार्ग पूर्ण झाला. पोलादी रुळावर पोलादी चाकाला टनामागे २० न्यूटनच्या आसपासच रोध होतो, बंडीच्या रोधाचा जवळजवळ पंचविसावा हिस्सा. पुढे मालमोटारी आल्या. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी या भागातले सागवान बल्लारशाहहूनच रवाना झाले.

लाकूड ओढण्यासाठी आणलेल्या हत्तींचे वंशज अहेरी तालुक्यातल्या कमलापूरच्या हत्ती कॅम्पमध्ये आजही आहेत. तिथे आता ओंडके ओढले जात नाहीत. लोक हत्ती पाहायला येतात.