वंशावळशोध, ग्रामीण (खानदेश)

शेतकरी, बलुतेदार व वतनदार कुटुंबांच्या पिढ्या दप्तरावरून जुळवण्याची पद्धत. येथे नरडाणा (ता. शिंदखेडा, जि. धुळे) व परिसर नमुन्यादाखल घेतला आहे. सुरत–भुसावळ लोहमार्गावरील हा भाग 1906 पर्यंत अखंड खानदेश जिल्ह्यात, पुढे पश्चिम खानदेशात होता. आजच्या शिंदखेडा भागाचा तालुका एकोणिसाव्या शतकात विरदेल नावाने ओळखला जाई. जुने कागद मागताना ही नावे ठाऊक हवीत.

महसुली दप्तर : सर्वांत भरवशाचे साधन. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. 1852 मध्ये जमीनमोजणीविरुद्ध सावदा, यावल, एरंडोल भागात उठाव झाला. तो मोडून मोजणी पुढे चालूच राहिली आणि शेताला कायमचा सर्व्हे नंबर मिळाला. माणसाचे नाव बदलते, नंबर सहसा बदलत नाही. म्हणून शोध नंबरापासून सुरू करावा. 1903 च्या कायद्याने हक्कनोंदणी आली, 1913 मध्ये ती जमीन महसूल संहितेत गेली. येथून फेरफार (गाव नमुना 6) उपलब्ध होतात. वारसाच्या फेरफारात मयताचे नाव, वारसांची नावे व नाते असते. एकोणिसाव्या शतकात जन्मलेला पुरुष बहुधा येथे ‘मयत’ म्हणून प्रथम भेटतो. त्या तारखेवरून मागे जाता येते. ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) हा शेरा असल्यास एका नावाआड सगळे भाऊ दडलेले असतात. ते वाटणीच्या फेरफारात उघडे होतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान मुलाचा पालनकर्ता, बहुधा आई. अनेक घरांत त्या बाईचे नाव कागदावर येण्याचा हा एकच प्रसंग.

नावे : जुन्या नोंदींत आडनाव क्वचित. ‘महादू वलद कृष्णा’ (कृष्णाचा मुलगा), ‘सखू कोम रामा’ (रामाची बायको) अशी मांडणी. ‘पाटील’ हे पद पुढे आडनाव झाल्याने एकाच गावातील परस्परांशी नाते नसलेली घरेही त्याखाली येतात. घरी आबा, बापू म्हणून ओळखला जाणारा माणूस दप्तरात वेगळ्याच नावाने सापडतो.

कालगणना व लिपी : शकात 78, फसलीत 590 मिळवून इसवी सन येते, वर्षारंभ वेगळा असल्याने एका वर्षाचा फरक पडतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बरेच लेखन मोडीत.

कोतवाल बुक : गावची जन्म-मृत्यू नोंद (गाव नमुना 14). अनेकदा बाळाचे नाव नसते. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, बापाचे नाव व जात एवढेच.

वतन : 1874 च्या वतन कायद्याखालील वादांत वंशावळी दाखल होत. कनिष्ठ गाववतने 1958 च्या कायद्याने रद्द झाली. त्यामुळे महार वतनदारांच्या काही पिढ्या महसुली कागदांत मिळतात. ज्यांच्याकडे जमीन नव्हती आणि वतनही नव्हते, त्यांचा माग फार लवकर तुटतो. हा या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष होय.

भाट व तीर्थोपाध्ये : भाटांच्या वह्या, त्र्यंबकेश्वर येथील यजमान-नोंदी. पडताळून घ्याव्यात.

इतर : धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ (स्था. 1927) ऐतिहासिक कागदांसाठी उपयुक्त. सॉल्ट लेक सिटीच्या वंशावळ संस्थेने (स्था. 1894) गावोगावच्या नोंदींचे सूक्ष्मपट घेतल्याने अमेरिकेतील खेड्यातले शेतकरी कुटुंब दूर बसून शोधता येते, खानदेशात मात्र अनेकदा तालुक्याची पायरी चढावी लागते.

उपयोग : मुख्यतः जात पडताळणी. पुराव्याचे मानीव दिनांक : अनुसूचित जाती 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमाती 6 सप्टेंबर 1950, विमुक्त व भटक्या जमाती 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्ग 13 ऑक्टोबर 1967. 2023 मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांची गरज राज्यभर जाणवली.

मुलींची नावे 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापूर्वीच्या वारसनोंदींत क्वचितच येतात. वंशावळ लिहिणाऱ्याने घरातील वृद्धांना विचारून लेकी, सुना आणि त्यांची माहेरे आताच लिहून ठेवावीत; ही माहिती सातबाऱ्यावर मिळणार नाही.