जोंगाचे इंजिन

तोफांचे गाडे घडविण्यासाठी १९०४ साली उभारलेल्या जबलपूरच्या कारखान्यात १९५९ पासून शक्तिमान ट्रक तयार होऊ लागले. पुढे १९६९ साली तेथे वाहनांचा स्वतंत्र कारखाना निघाला. जोंगा ही लष्करी गाडी तेथलीच. तिच्या नावाचे आद्याक्षर जबलपूरचे. आराखडा मात्र जपानच्या निसान कंपनीचा.

तिच्या दीर्घायुष्याचे मर्म इंजिनात होते. सहा सिलिंडर, धारणा जवळजवळ चार लिटरची, आणि शक्ती अवघी एकशेदहा अश्वशक्तीच्या आसपास! एवढ्या आकारमानातून याहून पुष्कळ अधिक शक्ती काढता येते. ती काढली नाही, म्हणूनच पिस्टन व बेअरिंग यांवर ताण बेताचा राही. कमी फेऱ्यांतच पुरेसा जोर मिळत असल्याने घाटाच्या चढणीवरही इंजिन पिळून काढावे लागत नसे.

याचे मोल पेट्रोलच्या रूपाने द्यावे लागे. हिशेबनिसास हा व्यवहार खर्चिक वाटेल; परंतु ओसाड खिंडीत बंद पडलेल्या गाडीचा खर्च त्याने कोणत्या खात्यात मांडावा? लष्कराने लिलावात काढलेल्या जोंगा पुढे हौशी लोकांनी घेतल्या आणि कित्येकांत डिझेल इंजिने बसविली. याचे कारण बहुधा झीज नव्हे. पेट्रोल परवडेना, हे होते.