ओळंब्याची दोरी आणि वाकडी रेघ

हुबळीच्या दाजीबानपेठेसारख्या गजबजलेल्या बाजारपेठेतून जाणाऱ्या मोटारीला पुढे, मागे आणि दोन्ही आरशांखाली रुंदकोनी कॅमेरे असले, तर चालकासमोर गाडीचे जणू वरून पाहिलेले एकसंध चित्र उमटते. हे जुळणे अंशशोधनावर अवलंबून असते, म्हणजे प्रत्येक भिंग सरळ रेषेला किती वाकवते आणि प्रत्येक कॅमेरा गाडीवर कुठे, कोणत्या कलाने बसला आहे, हे आधी मोजून ठेवण्यावर. निस्सान कंपनीने 2007 साली अशी यंत्रणा बाजारात आणली. तिच्यामागची कल्पना मात्र भूमापकांची आहे.

विल्यम लॅम्बटन या भूमापकाने 1802 साली मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे पहिल्या त्रिकोणाची एक बाजू, मोजून त्रिकोणांची साखळी सुरू केली, आणि 1804 साली बंगळूरजवळ दुसरी रेषा प्रत्यक्ष मोजून, साखळीतून निघालेल्या तिच्या लांबीशी ती ताडून पाहिली. उपकरणावर विश्वास न ठेवता एकाच गोष्टीला दोन वाटांनी गाठायचे आणि उरलेला फरक हीच चुकीची मोजणी समजायची, हा त्याचा शिरस्ता होता. 1823 साली हिंगणघाट येथे तो वारला, तोवर ही साखळी विदर्भापर्यंत पोचली होती.

पाण्याखालून मासा वरचे जग कसे पाहत असेल, हे भौतिकशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. वुड याने 1906 साली पाणी भरलेल्या कॅमेऱ्याने दाखवले, आणि मत्स्यनेत्री भिंगाचे नाव तेथूनच रूढ झाले. गाडीच्या कॅमेऱ्यांतही असेच भिंग असते, आणि इतके रुंद दिसावे म्हणून त्याला रेषा वाकवावीच लागते. ड्युएन ब्राऊन याने 1971 साली ओळंब्यांचे धागे टांगून त्यांची छायाचित्रे घेतली: दोरी निश्चित सरळ, तेव्हा वाकडेपणा भिंगाचाच. गवंड्याला हे वेगळे सांगावे लागत नाही! पुढे झेंगयू झांग याने 2000 साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत ओळंब्याची जागा बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्यापांढऱ्या चौकटींनी घेतली.

चार कॅमेऱ्यांसाठी गाडीभोवती ठरावीक अंतरावर चौकटींच्या चटया अंथरतात आणि शेजारच्या दोन कॅमेऱ्यांना एकच चटई दिसेल अशी मांडणी करतात. या जुळणीत जमीन सपाट धरलेली असते, त्यामुळे उभा खांब किंवा दुकानाची पायरी पडद्यावर बाहेरच्या बाजूला ताणलेली दिसते, आणि आरसा बदलला तर सारी मोजणी पुन्हा करावी लागते.