घाटमाथ्याचे पाणी आणि मुंबईची विजेवरील वाहतूक

वेगाने वाढणाऱ्या शहरांतील वाहतूक विजेवर आणावी, हा विचार आज नव्या युगाचा म्हणून मांडला जात असला, तरी मुंबईने तो विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतच अमलात आणला होता. मात्र त्यामागे हवेच्या शुद्धतेची काळजी फारशी नव्हती. कोळशाची महागाई, गिरणीमालकांचा हिशेब आणि दर दशकाला वाढणारी लोकसंख्या ही त्याची खरी कारणे होती. म्हणूनच या वाहतुकीचा इतिहास केवळ रुळांचा आणि डब्यांचा सांगून भागत नाही. ती वीज कोठून आली आणि तिची किंमत कोणी मोजली, याचाही शोध त्यात घ्यावा लागतो.

मुंबईतील पहिली ट्राम ९ मे १८७४ रोजी धावली आणि तिला घोडे ओढत असत. कुलाबा, बोरीबंदर आणि पायधुणी यांना जोडणाऱ्या या मार्गांनी शहराला भाड्याच्या सार्वजनिक वाहनाची सवय लावली. परंतु शेकडो घोड्यांचा दाणागोटा, तबेले आणि चढावरची त्यांची दमछाक यांमुळे या व्यवस्थेच्या वाढीला मर्यादा होती. १९०१ मध्ये सुमारे पावणेआठ लाख असलेली शहराची लोकसंख्या १९११ पर्यंत पावणेदहा लाखांवर गेली. याच दशकात, १९०५ साली, लंडनमध्ये नोंदवल्या गेलेल्या बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीने (पुढची ‘बेस्ट’) जुनी ट्राम कंपनी विकत घेतली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम रस्त्यावर आणली. डोक्यावरून ताणलेल्या तारेतून वीज घेणारे हे वाहन रस्त्यावर धूर सोडत नव्हते, पण ती वीज वाडीबंदरच्या केंद्रात कोळसा जाळूनच तयार होत होती.

कोळसा हीच मुंबईची मूळ अडचण होती. तो बंगालच्या खाणींतून रेल्वेने किंवा समुद्रमार्गे आणावा लागे आणि गिरण्यांची बाष्पयंत्रे त्याच्यावरच चालत. गिरणगावच्या धुराने हवा इतकी बिघडली की १९१२ साली मुंबई सरकारला धुराच्या उपद्रवाविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. यावर जमशेटजी टाटांच्या मनात असलेला उपाय सह्याद्रीच्या रचनेतून सुचलेला होता. घाटमाथ्यावर चार महिने प्रचंड पाऊस पडतो, ते पाणी पूर्वेकडे इंद्रायणी, मुळा आणि पुढे भीमेतून बंगालच्या उपसागराकडे वाहून जाते, तर पश्चिमेला काही मैलांच्या अंतरात कोकणची जमीन शेकडो मीटर खाली आहे. हे पाणी माथ्यावर साठवून मोठ्या नळांतून खाली सोडले, तर त्याच्या वेगाने जलचक्रे, म्हणजे पाण्याच्या दाबाने फिरणारी यंत्रे, वर्षभर चालवता येतात. जमशेटजींच्या मृत्यूनंतर १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली आणि लोणावळा, वळवण व शिरवटा येथील तलावांच्या पाण्यावर १९१५ साली खोपोलीचे केंद्र सुरू झाले. तेथून १ लाख व्होल्ट दाबाच्या तारांनी वीज परळला येऊ लागली. पाठोपाठ १९२२ साली आंद्रा नदीच्या पाण्यावर भिवपुरीचे केंद्र उभे राहिले, आणि तिसऱ्या केंद्रासाठी मुळा-नीला या नद्यांच्या संगमाजवळ, मुळशी येथे धरण बांधण्याचे ठरले.

मुळशीचे प्रकरण या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे आहे आणि शहराच्या प्रगतीच्या वर्णनांत तेच बहुधा एका ओळीत उरकले जाते. धरणामुळे सुमारे पन्नास गावे आणि भाताची उत्तम जमीन पाण्याखाली जाणार होती. जमिनी रीतसर ताब्यात येण्यापूर्वीच शेतांत चाचणीचे चर खणले गेल्याने मावळातील कुळे प्रक्षुब्ध झाली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, तेथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी त्याचे नेतृत्व केले. बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी याच लढ्याने दिली. ‘जान किंवा जमीन’ या घोषणेखाली बायका-मुलांसह लोक कामाच्या जागी ठाण मांडून बसत, मार खात आणि तुरुंगात जात. तथापि, या खोऱ्यातील बरीच जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावे होती, त्यांना भरपाईचा दर वाढवून मिळण्यात अधिक रस होता, आणि जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्याला पैशापेक्षा जमीन हवी होती. या फुटीने लढ्याची धार कमी झाली, १९२४ अखेर तो संपला आणि १९२७ साली भिरा येथील केंद्र सुरू झाले. धरणाविरुद्धच्या संघटित लढ्यांत मुळशीचे स्थान जगभरात अगदी आरंभीचे आहे, हे महाराष्ट्राने अधिक ठळकपणे लक्षात ठेवायला हवे.

सत्याग्रह मोडत असतानाच मुंबईची रेल्वे विजेवर येत होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातील पहिली विजेची गाडी १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर धावली. १९२८ साली पश्चिमेच्या मार्गावर बोरिवलीपर्यंत वीज आली आणि १९३० पर्यंत दोन्ही घाट ओलांडून ती पुणे व इगतपुरीला पोहोचली. चाकरमान्यांनी ठाणे, कल्याण, बोरिवलीकडे वस्ती करावी आणि रोज शहरात यावे, ही आजची मुंबई या गाड्यांनीच घडवली. येथेही कोळसा पूर्णपणे सुटला नाही, कारण रेल्वेने कल्याणजवळ चोळे येथे स्वतःचे औष्णिक वीजकेंद्र, म्हणजे कोळशावर वाफ करून वीज बनवणारे केंद्र, उभारले होते.

रस्त्यावरची वीज मात्र टिकली नाही. १९२६ साली आलेली मोटारबस रुळांशी बांधलेली नसल्याने वाढत्या उपनगरांकडे सहज वळवता येत होती आणि खाजगी मोटारींच्या गर्दीत रस्त्याच्या मध्यावरून जाणारी ट्राम अडथळा ठरवली गेली. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम धावली. १९६२ मध्ये आणलेली, तारेतून वीज घेणारी पण रुळांविना चालणारी ट्रॉलीबसही १९७१ साली बंद झाली. मोटारींना वाट करून देण्यासाठी सार्वजनिक वाहन काढून टाकण्याचा हा निर्णय दूरदृष्टीचा नव्हता, कारण काही दशकांतच त्या मोटारींनी रस्ते भरून टाकले.

ज्या बेस्टने ट्राम बंद केली, तिनेच २०१७ पासून विजेच्या बस घेण्यास सुरुवात केली. या बस चार्ज करणारी वीज आज मोठ्या प्रमाणात तुर्भे आणि डहाणू येथील, तसेच दूरच्या कोळसाकेंद्रांतून येते; डहाणूत तर चिकूच्या वाड्या असलेल्या संवेदनशील किनाऱ्यावर स्थानिकांच्या विरोधानंतरही असे केंद्र उभे राहिले. खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही तिन्ही जलविद्युत केंद्रे अजून चालू आहेत, आणि त्यांच्यासाठी पश्चिमेकडे वळवलेले पाणी भीमा खोऱ्यातील कोरडवाहू तालुक्यांना परत मिळावे, ही मागणी अद्याप निकाली निघालेली नाही.