विद्यार्थ्यांचा शिणवटा: वार लावण्यापासून वसतिगृहापर्यंत

सुट्टी घेऊनही अभ्यासाचा शीण न उतरणे, विषयातली गोडी जाणे आणि आपल्याच्याने काही होणार नाही असे सतत वाटणे, या अवस्थेला आज ‘बर्नआउट’ म्हणतात. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये मोफत दवाखान्यात राबणाऱ्या कार्यकर्त्यांविषयी लिहिताना ही संज्ञा वापरली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तिची नोंद घेतली, ती आजार म्हणून नव्हे तर नोकरी-कामाशी निगडित अवस्था म्हणून. महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या शिणवट्याची चर्चा मात्र एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली होती. परीक्षा, पोट आणि अंतर ही त्याची तीन कारणे तेव्हापासून कायम आहेत.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८६२ मध्ये त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. शिक्षण इंग्रजीतून होते आणि परीक्षांचा धाक मोठा होता. पहिल्या तुकडीतल्या महादेव गोविंद रानडे यांचे डोळे अतिवाचनाने बिघडले. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८८२) बत्तिशीही न गाठता गेले, काशिनाथ त्र्यंबक तेलंग (१८९३) त्रेचाळिसाव्या वर्षी, तर गोपाळ गणेश आगरकर (१८९५) चाळिशीच्या आत. या प्रत्येक मृत्यूचे कारण वेगळे असले, तरी शिकलेली माणसे अकाली का जातात, असा प्रश्न सुशिक्षितांमध्ये विचारला जाऊ लागला. रानडे यांनी १८९४ च्या सुमारास पदवीधरांच्या मृत्यूंच्या कारणांवर स्वतंत्र लेखन केले. विद्यापीठीय शिक्षणात मराठीला स्थान मिळावे, यासाठीही ते झटले.

पोटाचा प्रश्न परीक्षेहून जुना. परगावी शिकणारा गरीब मुलगा वार लावून जेवे: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. वार न मिळाल्यास माधुकरी मागावी लागे. या प्रथेने असंख्य मुलांना शिकवले. पण जेवणाच्या वेळा सांभाळणे, यजमानाची मर्जी राखणे आणि एखादा वार सुटला की उपाशी राहणे हा रोजचा ताण अभ्यासाच्या वर असे. डेक्कन कॉलेजात असताना आगरकर आपला एकुलता सदरा रात्री धुऊन सकाळी घालत, असे सांगितले जाते.

शिणवट्यावरचा पहिला उपाय शरीर कमावण्याचा होता. बाळ गंगाधर टिळक यांनी डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यास बाजूला ठेवून व्यायाम, कुस्ती आणि पोहण्यात घालवले. बलोपासनेची ही परंपरा मराठवाड्यात, जालना जिल्ह्यातल्या कुंभार पिंपळगाव या गावाच्या परिसराला परकी नाही. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब घनसावंगी तालुक्यात या गावाजवळच आहे आणि मारुतीचे देऊळ व तालीम ही जोडी समर्थांच्या नावाशी जोडलेली आहे. या उपायाची मर्यादा अशी, की तो अंगात बळ आणतो, पण जेवणाची, राहण्याची भ्रांत मिटवत नाही.

ती भ्रांत वसतिगृहांनी कमी केली. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांचा पाया घातला. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली. त्यांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत मुलगा श्रम करून आपला खर्च भागवी. त्यामुळे उपकाराचे ओझे राहत नसे. पुण्यात १९५५ मध्ये अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने खेड्यातून येणाऱ्या मुलामुलींसाठी हीच वाट पुढे नेली.

मराठवाड्यात तिसरे कारण, म्हणजे अंतर, सर्वांत जड होते. निजामाच्या राज्यात १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून होते. औरंगाबादला १९२३ मध्ये इंटरमिजिएट कॉलेज निघाले, पण पदवीसाठी हैदराबादला किंवा बाहेरच्या मुलखात जावे लागे. घर सोडायचे आणि परक्या भाषेत शिकायचे, असे दुहेरी ओझे होते. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाल्यावर चित्र पालटले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. या महाविद्यालयाच्या नागसेनवन परिसरात वसतिगृहेही उभी राहिली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले.

कुंभार पिंपळगाव तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. मत्स्योदरी शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी अंबड-घनसावंगी भागात महाविद्यालये काढल्यावर पदवीचे शिक्षण एसटीच्या टप्प्यात आले. अंतर घटले, तरी शीण संपला नाही. त्याचे रूप बदलले. घरून ये-जा करणाऱ्याला पासाची सवलत मिळते, पण दिवसाचा मोठा भाग प्रवासात आणि घर-शेतीच्या कामात जातो. जालन्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीच्या औरंगाबादेत) रूम करून राहणाऱ्याला खोलीभाडे आणि मेसचे बिल सतावते. पावसाने ओढ दिली की घरून पैसे येणे थांबते आणि अभ्यासाची चिंता कुटुंबाच्या चिंतेत मिसळते.

परीक्षेचे रूपही बदलले. एटीकेटीमुळे एखादा विषय राहिला तरी वर्ष वाया जात नाही. सत्र पद्धतीमुळे मात्र परीक्षा वर्षातून दोनदा येते आणि राहिलेले विषय पुढच्या सत्रावर साचतात. पदवीबरोबरच स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांवर हा भार दुप्पट होतो.

मनाच्या आरोग्याकडे सरकारी पातळीवर लक्ष अलीकडे गेले. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शिक्षणसंस्थांना समुपदेशनाबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या.

या दीडशे वर्षांत टिकलेले उपाय दोन प्रकारचे आहेत. पुरेशी झोप, व्यायाम, विषय साचू न देणे आणि शीण वाढण्याआधी मित्राशी, शिक्षकाशी किंवा समुपदेशकाशी बोलणे हे विद्यार्थ्याच्या हातातले. जेवण, निवारा, प्रवास आणि परीक्षेची रचना मात्र समाजाच्या, संस्थांच्या आणि सरकारच्या हातातली. पहिल्या प्रकाराने शीण सोसण्याची ताकद वाढते; शिणाचे मूळ कमी होते ते दुसऱ्या प्रकाराने, आणि मराठी मुलखातल्या वसतिगृहांनी केलेले काम याच प्रकारचे होते.