पंडिता रमाबाई आणि ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाचा वाद

इ.स. ३२५ मध्ये नायसिया येथील धर्मपरिषदेने पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा असल्याचे ठरविले व येशूला निर्मित मानणाऱ्या एरियसचे मत पाखंड ठरले. हा वाद तेथेच संपला असे समजले जाते. परंतु एका मराठी विदुषीने तो एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पुन्हा उपस्थित केला, याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही.

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना, १८८५ मध्ये, त्यांनी त्रैक्यावर व ख्रिस्ताच्या पूर्ण ईश्वरत्वावर शंका घेतली. मुस्लिम वाचकास येथे तौहीद आठवणे स्वाभाविक आहे. तथापि रमाबाईंचा युक्तिवाद मुख्यतः बायबलमधूनच निघाला होता. प्राचार्या डोरोथिया बील यांनी पत्रांतून त्यांच्या शंकांना तर्काने उत्तरे दिली. धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना मात्र त्यात अहंकार दिसला. ब्राह्मण पुरोहितांचे जू झुगारल्यावर दुसरे तसलेच जू मानेवर घेणार नाही, असे रमाबाईंनी त्यांना कळविले. वादाचे खरे मूळ येथे आहे: ख्रिस्त कोण, हे नवख्रिस्ती स्त्रीने स्वतः वाचून ठरवावे की चर्चने सांगावे?

हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. पुढे रमाबाईंची ख्रिस्तनिष्ठा दृढ झाली, पण स्वतः वाचण्याचा आग्रह सुटला नाही. केडगावात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. हे काम १९२२ मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी, पूर्ण झाले.