गळका इतिहास

घरात काही बिघडलं की आमची सौ. आधी माझ्याकडे बघते आणि मग मिस्त्रीचा नंबर शोधते. या दोन क्रियांमध्ये जो अवधी जातो, त्यालाच मी संसारातला माझा मान समजतो. परवा संडासातल्या टाकीचं कनेक्शन गळू लागलं तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. मग मीही इरेला पेटलो आणि पाना काढला.

गळती तशी किरकोळ. भिंतीतल्या कॉकपासून टाकीपर्यंत जी पांढरी नळी जाते, तिच्या नटाशी थेंब जमायचा, जरा विचार करायचा आणि टपकन पडायचा. पण आमचे अप्पा ब्याऐंशीचे, रात्री दोनदा उठणारे. ओल्या फरशीवर एकदा त्यांचा पाय सरकला. दाराची कडी हाताशी आली म्हणून निभावलं. त्या रात्रीपासून मला त्या थेंबाशिवाय दुसरं काही ऐकू येईना.

खाली बादली लावली आणि शिकलेला माणूस संकटात जे करतो तेच केलं. विषयाचा अभ्यास सुरू केला!

आणि काय सांगू, सगळा इतिहासच गळका निघाला. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचा धर्मपुत्र सर जॉन हॅरिंग्टन यानं १५९६ साली पाण्यानं धुतल्या जाणाऱ्या संडासावर चक्क पुस्तक लिहिलं. त्यातल्या टोमण्यांमुळे राणीची खप्पामर्जी झाली ती निराळीच. (संडासावर लिहून आपलं भलं होईल असं मलाही वाटत नाही.) पुढं जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी, १७७५ साली, अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं भांड्याखालच्या नळीला बाक दिला. त्या बाकात पाणी साचून राहतं आणि गटाराचा वास घरात येत नाही. आपल्या भांड्याखाली आजही तो बाक आहेच. कमिंगची सरकती झडप मात्र नीट बसेना. असले संडास लोकांच्या घरी बसवून देणारा जोसेफ ब्रामा हा मूळचा सुतार. बसवता बसवता त्याला खोड कळली आणि १७७८ साली त्यानं बिजागरीच्या झडपेचं पेटंट घेतलं. पुढं हाच ब्रामा न उघडणाऱ्या कुलपांसाठी गाजला. म्हणजे पाणी अडवता अडवता चोर अडवायला लागला!

पण झडप ती झडपच. तिच्यात कण अडकला की पाणी गुपचूप वाहणार. लंडनच्या पाणीकंपन्या यानं रडकुंडीला आल्या. मग झडपेलाच रजा देणारी सायफनची टाकी आली. हिच्यात पाण्याला आधी वर चढून वाकण ओलांडावी लागते, त्याशिवाय खाली उतरता येत नाही. साखळी ओढली की ते ओलांडतं आणि हवा शिरेपर्यंत धो धो येतं. एरवी गळायला वाटच नाही. आपल्या जुन्या इमारतींतली ती उंचावरची, साखळीची बिडाची टाकी याच कुळातली. इंग्रजांनी तर २००१ सालापर्यंत झडपेच्या टाकीला परवानगीच दिली नाही. थॉमस क्रॅपरला लोक या सगळ्याचा जनक मानतात, पण तो होता प्लंबर आणि विक्रेता. बिनआवाजाच्या सायफनचं १८९८ सालचं पेटंट अल्बर्ट गिब्लिनच्या नावावर आहे. श्रेय दुकानदाराला, घाम कारागिराला.

हे सारं मी जेवताना अप्पांना सांगितलं. (सौ. पान सोडून उठली.) अप्पा म्हणाले, "आमच्या वाड्यात गळायला काही नव्हतंच रे. टोपलीचा संडास. मागच्या बोळात एक लहान दार होतं. तिथून एक बाई यायची, टोपली डोक्यावर घेऊन जायची. ती आली की आम्हा पोरांना आत बोलवायचे." भाताची शितं निवडत ते जरा थांबले. "पावसाळ्यात ती टोपलीही गळायची. बाईचं नाव काय होतं, कुणाला ठाऊक. कुणी विचारलंच नाही."

मी माझ्या झडपा आवरल्या. तिकडं कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धन स्वतः मैला उचलत होते, ही टोपली जावी म्हणून आयुष्य घालवत होते. ते १९७१ साली गेले. अशा संडासांवर बंदी आणणारा कायदा झाला १९९३ साली. हॅरिंग्टनच्या पुस्तकाला तेव्हा जवळजवळ चारशे वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी नट आवळला. थेंब वाढला. उघडून टेपचे वीस वेढे दिले, पुन्हा आवळला. कट्ट! प्लॅस्टिकचा नट दुभंगला आणि मला कपड्यांनिशी स्नान घडलं. कॉक आधी बंद करायचा असतो, हे हॅरिंग्टननं लिहिलं असेल तर माझ्या वाचनात आलं नाही.

मिस्त्री आला. त्यानं कॉक बंद केला, वेढे सोलून माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "साहेब, इथं टेपचं काम नाही. पाणी वायसर अडवतो. तुमचा वायसर वाळून दगड झालाय." नवी नळी, नवा वायसर, आवळला तोही नुसत्या हातानं. सात मिनिटं! पैसे सौ.नं दिले, माझ्याकडे न बघता.

रात्री दोनला जाग आली. कान देऊन पडलो. काहीच ऐकू येईना, म्हणून उठून बघायला गेलो, तर अप्पा भिंतीला धरून, विजेरी लावून नटाखाली बोट फिरवत होते.

"कोरडं आहे," ते म्हणाले. "बादली मात्र असू दे."